माळावरच्या ताईंना, पुस्तक पूर्ण झालं म्हणून

ताई, नमस्कार,

नाव लिहू नका असं तुम्ही सांगितलंत म्हणून नुसतं ताई लिहितेय, पण पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही मला जे दिलंत ते मुलांसाठी लिहिणाऱ्या आणि मुलांना वाचून दाखवणाऱ्या सगळ्यांपर्यंत पोचावं असं फार वाटतं. कादंबरी झाली. इंदापूर-बारामतीकडच्या माळावर घडणारी साहसकथा, दहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी, आणि तुमची एकतरी व्हॉइस नोट ज्यात मुरलेली नाही असं एकही प्रकरण तिच्यात नाही.

वनरक्षकाची नोकरी, बीट (राखायचा भाग) मोठं, त्यात उन्हाळ्यात वणव्याची ड्युटी, आणि तरी तुम्ही रात्री जेवणं झाल्यावर मोबाईलवर माझी प्रकरणं वाचायचात आणि बोलून पाठवायचात, मागे कुत्री भुंकतायत, पोरगा अभ्यासाचं काहीतरी विचारतोय आणि मधेच तुमचं "मॅडम, हे काय पटंना". ते "पटंना" मला फार कामाला आलं.

बाकीचे वाचतायत त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. निसर्ग वाचवायची साहसकथा म्हटली की वर्षानुवर्षं ती रेनफॉरेस्टमधेच, म्हणजे दाट पावसाळी जंगलातच घडत आली, अ‍ॅमेझॉन, काँगो, बोर्निओ. त्याला कारणंही तशीच आहेत. १९२५ मध्ये पर्सी फॉसेट हरवलेलं शहर शोधायला अ‍ॅमेझॉनच्या जंगलात गेला तो परत आलाच नाही, त्या एका माणसाभोवती किती गोष्टी तयार झाल्या. मग १९८८ च्या डिसेंबरात ब्राझीलमध्ये रबराचा चीक गोळा करणाऱ्या कामगारांचा पुढारी चिको मेंडिस याला त्याच्या घरीच गोळी घातली, पाठोपाठ १९९२ ची रिओची पर्यावरण परिषद झाली, आणि त्या काळात रेनफॉरेस्ट हा जगभरातल्या शाळांचा, पोस्टरांचा, मुलांच्या पुस्तकांचा विषय झाला. ते गरजेचं होतं, आजही आहे, ते जंगल अजून जळतंय. फक्त झालं असं की मुलांच्या मनात निसर्ग म्हणजे उंच झाडं, दाट सावली, वेली आणि पाऊस एवढंच चित्र पक्कं बसलं.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र हे बदलताना दिसतंय आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. कार्ल हायसनने २००२ मध्ये फ्लोरिडातल्या एका मोकळ्या प्लॉटवर गोष्ट रचली, तिथे पॅनकेकचं हॉटेल उभं राहणार असतं आणि त्याच जमिनीत बिळं करून छोटी घुबडं राहत असतात, बस एवढंच, आणि तेवढ्यावर सगळी कादंबरी. अमिताव घोष २००४ मध्ये सुंदरबनच्या खारफुटीत शिरले, तिथे भरती-ओहोटीच गोष्ट पुढे नेते. हॅना गोल्डची २०२१ मधली मुलगी थेट नॉर्वेच्या उत्तरेला बेअर आयलंडवर जाते, झाडाचं नाव नाही, नुसता वारा आणि वितळून गेलेला बर्फ. आपले दीपक दलाल इंग्रजीत मुलांना लक्षद्वीपला घेऊन गेले, लडाखला घेऊन गेले. मराठी साहित्याला माळ काही नवा नाही, माडगूळकरांच्या बनगरवाडीत तो आहेच, पण मुलांच्या साहसकथा काढून बघा, पोरं किल्ल्यावर जातात, भुयारात जातात, घनदाट जंगलात जातात, माळावर त्यांना कुणी पाठवत नाही. कारण माळ म्हणजे जिथे काही नाही अशी जागा, असंच आपण धरून चालतो.

तुमचा पहिला प्रश्न आठवतो का ताई? "पोरगी लपणार कुठं?"

मला वाटतं माझ्या पुस्तकाची खरी सुरुवात त्या प्रश्नापासून झाली. जंगलातली गोष्ट लपण्यावर चालते, झाडामागे कोण आहे, अंधारात काय हललं, वाट कुठे चुकली. माळावर वाट चुकत नाही, चारी बाजूंना सगळं दिसतं, आणि तुम्हीही सगळ्यांना दिसता. पाठलाग करणारी जीप लांबूनच दिसते, तिची धूळ दिसते, ती पोचायला वेळ लागणार हे कळतं, तेवढा वेळ पोरांच्या हातात असतो पण आडोसा म्हणून काही नसतो. ही भीती वेगळी आहे आणि ती मी तोवर कुठल्याच पुस्तकात वाचली नव्हती. मग तुम्ही मला ओघळी दाखवल्यात, बांधाच्या सावलीत कसं बसायचं, वारा कुठून येतोय ते बघून कुठल्या अंगानं जायचं, हिवराच्या झाडाखाली दुपारी कोणकोण येऊन बसतं. आमची मृदुला (नायिकेचं नाव तुमच्या आग्रहाने बदलून मुक्ता केलं, माळावर मृदुला कोण ठेवतं म्हणालात) हे सगळं एकेक करत शिकते आणि पुस्तकाचा सुरुवातीचा एक तृतीयांश भाग तेवढ्यावरच उभा आहे.

दुसरं म्हणजे तुम्ही मला खाली बघायला लावलंत. जंगलात माणूस वर बघतो. इथे टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर, धाविक पक्ष्याचीही तशीच, खड्यांत खडा होऊन पडलेली, घरटं म्हणावं असं काही नाहीच. भर उन्हात टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, ती अंडी तापून जाऊ नयेत म्हणून, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी ते प्रकरण तिथेच थांबवून पुन्हा लिहायला घेतलं. संध्याकाळी भोवत्या पक्षी झाडावर न बसता गवतातच उतरतात, एका जागी बरेच, आणि ते पार मध्य आशियातून, कझाकस्तानकडच्या गवताळ पट्ट्यातून येतात, म्हणजे एका माळावरून दुसऱ्या माळावर. आता माझ्या गोष्टीत जेव्हा रात्री गाडी रस्ता सोडून गवतात घुसते तेव्हा वाचणाऱ्या पोराला माहीत असतं की चाकाखाली काय काय आहे. बंदूक लागत नाही, हेडलाइट पुरतात.

माळढोक पक्ष्याचं प्रकरण तुम्ही कमी करायला लावलंत तेही बरं झालं. सोलापूरजवळचं नान्नजचं अभयारण्य १९७९ मध्ये त्याच्यासाठी झालं आणि आता जगात मोकळ्यावर दीडशेच्या आसपासच माळढोक उरलेत, जे आहेत त्यातले बहुतेक जैसलमेरकडे. "जो आमच्या माळावर दिसतच नाही त्याला पोरांना दाखवू नका, तो गेला हे दाखवा" असं म्हणालात. म्हणून पुस्तकात तो फक्त आजोबांच्या बोलण्यात आहे, आणि एका पानावर विजेच्या तारा आहेत, त्याला समोरचं नीट दिसत नाही आणि तो तारांना धडकतो एवढं सांगून मी पुढे गेलेय.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसले ते.

गोष्टीत वाईट माणूस कोण, हा माझा मोठा प्रश्न होता. रेनफॉरेस्टच्या गोष्टीत तो सोपा असतो, करवत घेऊन येतो. माळावर कोण येतं? तुमचं उत्तर होतं, "रोपं घेऊन येतो". ती व्हॉइस नोट लांबलचक होती आणि मी ती परत परत ऐकली. तुम्ही सांगितलंत की शाळा येते, मंडळं येतात, वाढदिवसाला लोक येतात, फोटो काढतात, खड्डे घेतात, जेसीबीने चर काढतात, ग्लिरिसिडियाची परदेशी झाडं लावतात, सगळे चांगल्या मनाने. २०१९ ला राज्यात ३३ कोटी झाडांचं टार्गेट होतं तेव्हा तर मोकळी जमीन दिसली की खड्डे. आणि मग सावली पडली की कुसळी, पवना, मारवेल मागे हटतं, गवत हटलं की धाविक जातो, चंडोल जातो, चर जिथून गेला तिथे खोकडाचं (माळावरच्या छोट्या कोल्ह्याचं) बीळ होतं, तेही जातं. तुम्ही वर हेही सांगितलंत की गवत कार्बन बहुतेक जमिनीखाली मुळांत आणि मातीत ठेवतं, म्हणजे झाड लावून हवा सुधारायची म्हणून आपण जे उकरतो तिथेच तो साठा असतो. ज्या जमिनीचा सारा येत नाही ती पडीक, असं इंग्रजांनी महसुलाच्या कागदावर लिहून ठेवलं आणि तो शिक्का अजून पुसला गेला नाही, पडीक म्हटलं की काहीही करायला मोकळे.

म्हणून माझ्या पुस्तकात करवतवाला नाहीच. त्यात मुक्ताचे सर आहेत, तिचे सगळ्यात आवडते, जे स्वतःच्या पगारातून रोपं आणतात. आणि तिला त्यांच्यासमोर उभं राहून नको म्हणायचंय. ताई, मला माहीत असलेल्या साहसांत हे सगळ्यात अवघड साहस आहे, मगरीच्या नदीतून पोहण्यापेक्षा अवघड, आणि हे रेनफॉरेस्टच्या गोष्टीत घडूच शकलं नसतं. गोष्ट नव्या जागी गेली की नुसता पडदा बदलत नाही, गोष्टीतलं बरोबर-चूक पण नव्याने लावावं लागतं, हे मला तुमच्यामुळे कळलं. सरांना वाईट करू नका असंही तुम्हीच बजावलंत, "त्यांना माळ कुणी दाखवलेला नाही एवढंच", आणि शेवटच्या भागात मुक्ता सरांना पहाटे माळावर घेऊन जाते ते तुमचंच आहे.

लांडग्याच्या प्रकरणाबद्दल तुमच्या वडिलांचेही आभार मानायचेत. दिवाळीनंतर घोड्यांवर बिऱ्हाड टाकून निघायचं, कुणाच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची, रात्री भोवती वाघर लावायची, त्या जाळीच्या बाहेर लांडगा फिरतोय हे कुत्र्यांच्या आवाजावरून ओळखायचं, हे त्यांनी सांगितलं तसंच्या तसं आलंय. कोकरू गेलं तर भरपाईसाठी पंचनामा होईपर्यंत ते हलवायचं नाही आणि वाडा (मेंढरांसकट सगळं बिऱ्हाड) तर सकाळी पुढे निघणार, ही अडचण मला कुठल्या पुस्तकात मिळाली असती? आणि ते जे म्हणाले की रात्रभर लांडग्याला शिव्या दिल्या पण पिल्लांचं बीळ कुठे आहे ते कुणाला सांगितलं नाही, लोक बिळात धूर करून पिल्लं मारतात म्हणून, त्यावर एक आख्खं प्रकरण आहे. मुक्ताला तो पिवळट रंगाचा, लांडग्यासारखा पण लांडगा नसलेला प्राणी दिसतो तेही ठेवलंय. पुण्याजवळ लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून नक्की झालं, तेव्हा हे पोरांना कळायलाच हवं.

आणि ती बातमी! २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचा अभ्यास आला तेव्हा तुम्ही रात्री अकरा वाजता लिंक पाठवलीत. जुन्या मराठी वाङ्मयात, अगदी तेराव्या शतकापर्यंत मागे जाऊन, गवताचे आणि काटेरी झाडांचे उल्लेख त्यांनी शोधले आणि दाखवलं की पश्चिम महाराष्ट्रातले हे माळ म्हणजे तोडून उजाड झालेलं जंगल नाही, साडेसातशे वर्षांपूर्वीही इथे गवत आणि विरळ काटेरी झाडंच होती. मला त्या रात्री झोप आली नाही. मुक्ताला सरांना पटवायला पुरावा हवा होता आणि तो लॅबमधून नाही तर आपल्याच जुन्या पोथ्यांतून मिळाला. तिच्या आजीच्या तोंडच्या ओवीत हिवर आहे, तिथून ती शोधायला लागते.

काही जण म्हणाले की मुलांना माळ बोअर होईल. पुण्यातल्या आमच्या वाचन गटात जीपचं प्रकरण वाचून दाखवलं तेव्हा एका मुलाने विचारलं की हा माळ खरा आहे का आणि तिथे जाता येतं का. मी सांगितलं की रस्ता सोडायचा नाही या अटीवर जाता येतं.

ताई, अर्पणपत्रिकेत "माळावरच्या ताईंना आणि त्यांच्या वडिलांना" एवढंच छापतोय, चालेल ना? तुमच्या बीटमधल्या शाळांना प्रती मी स्वतः घेऊन येणार आहे, कुरिअर नको. आणि एक राहिलंय, धाविकाच्या प्रकरणात मी अंडी दोन लिहिलीत, तुम्ही एकदा तीन म्हणाला होतात, त्या ओघळीजवळच्या घरट्यात नक्की किती होती ते कळवा, प्रूफ शुक्रवारी प्रेसला जातंय.

तुमची,
मुक्ताची लेखिका