सोडलं नव्हतं, आई

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, रात्री

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर छकुलीचा विषय निघाला तेव्हा मी एकदम गप्प झाले, ते तुमच्या लक्षात आलं असेल. तिची शाळा व्हॉलीबॉलमध्ये तालुक्याला जिंकली, आता जिल्ह्याला जायचंय. आणि आई, तू म्हणालीस, "एकीचं बघितलं तेवढं पुरे. तीन वर्षं उन्हात रापली, अन् शेवटी सगळं सोडूनच दिलं ना?" फोन ठेवल्यापासून तेच डोक्यात आहे. तोंडानं सांगायला गेले असते तर मधेच रडू आलं असतं आणि तू घाबरली असतीस. म्हणून लिहिते.

मी सोडलं नव्हतं, आई. माझा गुडघा गेला होता.

मार्च २०१६ मध्ये मी लंगडत घरी आले तेव्हा हॉस्टेलच्या जिन्यावरून घसरले म्हणून सांगितलं होतं. ते खोटं होतं. संध्याकाळच्या प्रॅक्टिसला ब्लॉकला, म्हणजे समोरचीचा चेंडू नेटवरच अडवायला, उडी मारली, खाली येताना उजवा पाय वाकडा पडला आणि आतून कट्‌ असा आवाज आला. तो आवाज मी एकटीनंच ऐकला असेल, पण अजून तसाच आठवतो. रात्रीपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. लातुरातल्या डॉक्टरांनी लिगामेंटचं, म्हणजे गुडघ्याची हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याचं, दुखणं दिसतंय म्हणून सांगितलं, एमआरआय करून घ्या म्हणाले. मी खर्च विचारला आणि क्रेप बँडेज घेऊन परत आले.

तेव्हा बाबा कुठं होते ते आठवा. दोन्ही बैलं घेऊन चारा छावणीत. तुरीचं पीक गेलेलं, विहिरीचा तळ दिसत होता. अशा वेळी गुडघ्याचं नाव काढायचं माझ्या जिवावर आलं. पुढं एम.ए.ला नाव घालून अजून दोन वर्षं खेळायचं मनात होतं, ते मी मनातच मिटवलं आणि तुम्हाला म्हणाले, "आता अभ्यासच करते." बाबांनी किती समाधानानं मान हलवली होती! त्या समाधानाकडं बघून मला खरं बोलायची हिंमत झाली नाही.

लग्नकार्यात मी पंगतीला खाली बसत नाही, खुर्ची मागते, आणि तू मला शहराची हवा लागली म्हणून बोलतेस. ते त्यामुळं आहे. नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी इथं एमआरआय केला. गुडघ्यातलं पुढच्या बाजूचं लिगामेंट पूर्ण तुटलेलं निघालं. आता व्यायामावर चाललंय, रोजच्या कामाला अडत नाही. तू काळजी करू नकोस.

पण हे वाचून तू म्हणशील, बघा, मी म्हणत होते तेच खरं. म्हणून पुढचंही वाच.

आमचं मैदान मुरमाचं होतं. अशा मैदानाला रोज पाणी मारावं लागतं आणि रोलर फिरवावा लागतो, नाहीतर ते दगडासारखं होतं. पहिली दोन वर्षं सकाळी साडेपाचला आम्हीच पाइप धरायचो. ओल्या मुरमाचा तो वास, गार पडलेली जमीन, नेट ताणताना दोरीचा आवाज. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला वेळ तो. मग दुष्काळ आला. आपल्या शेजारचं धनेगावचं धरण आटलं आणि लातूरला पाणीच उरलं नाही. टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. माणसांना प्यायला नाही तिथं मैदानाला कोण पाणी देणार? आणि कुणी दिलं असतं तर आम्हीच घेतलं नसतं. प्रॅक्टिस संपल्यावर अर्ध्या बादलीत आम्ही दोघीजणी धूळ धुवायचो. आम्ही मात्र उड्या मारणं थांबवलं नाही. मुलींचं नेट २.२४ मीटर असतं, माझ्या उंचीला त्याच्यावर हात काढायचा तर दिवसाला शंभरेक उड्या व्हायच्या, सगळ्या त्या वाळलेल्या मुरमावर. त्याआधी विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागाच्या स्पर्धेला गेले होते, तिथं पहिल्यांदा लाकडी कोर्ट पाहिलं. त्याच्यावर उतरलं की जमीन थोडी दबते, तुम्हाला झेलते. मला तेव्हा नुसती गंमत वाटली होती. दुसऱ्याच फेरीत हरलो आम्ही, आणि परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून त्या लाकडाचाच विचार करत होते.

खेळानं गुडघा घेतला असं मला म्हणवत नाही. वाळलेली जमीन, ओढून धरलेलं दुखणं आणि माझं न सांगणं, या तिन्हींनी मिळून तो गेला. आधी महिनाभर गुडघा कुरकुरत होता. खेळाच्या मॅडमना सांगितलं तर संघाबाहेर बसवतील, या भीतीनं मी तोंड उघडलं नाही.

बाबा, तुम्ही एकदा मॅच बघायला आला होतात. तुम्हाला वाटतं मला माहीत नाही. सोयाबीन घेऊन आडतीवर आला होतात, विक्रीची पट्टी घेऊन परत जाताना कॉलेजच्या भिंतीशी उभे राहिलात, काखेत रिकामी पोती. मी सर्व्हिसच्या आधी तुम्हाला पाहिलं. मॅच संपून वळले तोवर तुम्ही एसटीला गेला होतात. दिवाळीत घरी आले तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात, "तू तर एकबी चेंडू मारला नाहीस." तुम्ही गावात शूटिंगबॉल खेळलेले, तुमच्या हिशेबानं चेंडू मारला तरच खेळलं. मग मी तुम्हाला अंगणात लिफ्टरचं काम सांगितलं. पहिला चेंडू कसाही येवो, त्याच्याखाली पळत जायचं आणि मारणारीला जिथं हवा तिथं, हवा तेवढा उंच द्यायचा. तुम्ही बराच वेळ गप्प बसून म्हणालात, "म्हणजे समदे तुझ्याच हातून जातेत." मला कुठल्याच पदकानं तेवढं भरून आलं नाही.

लातूर हे शिकवणीचं गाव. सगळ्या महाराष्ट्रातून पोरं तिथं मार्कांसाठी येतात. ट्रॅकसूट घालून वर्गात गेलं की वाया गेलेल्या पोरीकडं बघावं तसं बघायचे. एका सरांनी माझी हजेरी धरली नाही, स्पर्धेचं पत्र दाखवूनही. एक विषय राहिला तो तेव्हाच. तो राग माझ्या मनात अजून आहे, तो मी लपवत नाही. पण त्याच तीन वर्षांत मी एकटीनं तिकीट काढायला शिकले, अनोळखी गावात बाराजणींचं जेवण शोधायला शिकले, आणि हरल्यावर रात्री झोपून सकाळी पुन्हा उठायला शिकले. आज बँकेत काउंटरवर माणसं ओरडतात तेव्हा माझा आवाज चढत नाही, तो तिथं तयार झालेला आवाज आहे.

छकुलीला नोकरीसाठी खेळू द्या असं मी म्हणणार नाही. खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे खरं, पण त्याला नुसतं भाग घेऊन चालत नाही, वरच्या स्पर्धेत पदक लागतं. ते मिळेल, न मिळेल. तिला आवडतंय म्हणून खेळू द्या.

फक्त काही गोष्टी मी तिच्याशी स्वतः बोलणार आहे. उडीवरून खाली येताना दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून आणि सरळ रेषेत ठेवून उतरायचं. मुलींना हा लिगामेंटचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, आणि उतरायची सवय लहानपणीच लावली, मांड्यांचा व्यायाम घेतला, तर तो बराच कमी होतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मैदान वाळलेलं असेल त्या दिवशी उड्या नाहीत, नुसते पास. आणि दुखलं तर त्याच दिवशी सांगायचं. आई, इथं मला तुझी गरज आहे. तिनं गुडघा दुखतो म्हटलं की "मग बंद कर खेळ" असं म्हणू नकोस. तसं म्हणालीस तर ती माझ्यासारखीच गप्प बसेल.

जिल्ह्याच्या सामन्याला बाबांनी तिच्यासोबत जावं. या वेळी भिंतीपलीकडं नको, आत येऊन बसा.

तिला बूट मी पाठवते, दादानं घेऊ नयेत. तिचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखा आणि फोटो पाठवा. दोन्ही पायांचा आखा, आणि संध्याकाळी आखा, दिवसभर चालून पाय थोडा पसरतो, तेव्हाचं माप खरं असतं.

तुमची लेक