आमच्या संघाला दुसरा सामना द्या : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : पदवी महाविद्यालयांच्या बास्केटबॉल संघांसाठी जिल्हावार साखळी स्पर्धा सुरू करण्याबाबत

मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयाच्या मुलांच्या बास्केटबॉल संघाला मी शिकवतो. दिवसा बँकेत नोकरी आणि सकाळी सहा ते साडेसात मैदान, असा माझा दिनक्रम आहे. विद्यार्थी असताना मी याच मैदानावर खेळलो. आमचे जिमखान्याचे सर निवृत्त झाल्यापासून त्यांची जागा भरली गेलेली नाही. तीन वर्षांपूर्वी प्राचार्यांनी विचारलं, सकाळचा वेळ देणार का, आणि मी लगेच हो म्हणालो.

यंदाचा आमचा हंगाम एका शनिवारी सकाळी दहा वाजता सुरू झाला आणि त्याच दिवशी पावणेबाराला संपला. विभागीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, बाद पद्धत, पहिली फेरी. ५१ विरुद्ध ५४ असे तीन गुणांनी हरलो. त्या ४० मिनिटांच्या खेळासाठी बारा मुलं जुलैपासून अकरा आठवडे सराव करत होती.

हरल्याची तक्रार घेऊन मी आलेलो नाही. समोरचा संघ चांगला होता, पंचांनी सामना नीट चालवला. मला सांगायचं आहे ते परतीच्या वाटेवरचं. एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो होतो. प्रथम वर्षाचा एक मुलगा, जुलैपर्यंत ज्यानं चेंडू हातात धरला नव्हता, वडापाव खाता खाता मला म्हणाला, "सर, पुढची मॅच कधी?" त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. हरलं की वर्ष संपतं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. "पुढच्या वर्षी," असं मी म्हणालो तेव्हा तो नुसता बघत राहिला. बाकीची मुलं गप्प होती, कारण त्यांनी हे आधी अनुभवलं होतं.

साहेब, आमचं मैदान कसं आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मैदान सिमेंटचं आहे, उघड्यावर आहे. फ्री थ्रोच्या रेषेपासून बाहेरच्या रेषेपर्यंत एक भेग गेली आहे आणि पावसाळ्यात तिच्यात गवत उगवतं. सराव जुलै ते सप्टेंबर, म्हणजे ऐन पावसात. मुलं पावणेसहाला येऊन गोणपाटानं मैदान टिपतात, मग धावायला लागतात. आमचा सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारा उंच खेळाडू, सहा फूट तीन इंचांचा आहे. साडेचारला उठून धारा काढतो, डेअरीवर दूध घालतो आणि सात किलोमीटर सायकल मारून मैदानावर येतो. त्याला कधी उशीर झालेला मी पाहिला नाही.

आमच्या रिंगमागचे बोर्ड लोखंडी पत्र्याचे आहेत. पत्र्यावर चेंडू आपटला की त्याचा जीव जातो, म्हणून बोर्डवर मारून बास्केट करायचं तर जरा जोरात मारावं लागतं. मुलांच्या हातांना तीच सवय. स्पर्धेच्या ठिकाणी पारदर्शक अॅक्रिलिकचे बोर्ड होते. पहिल्या क्वार्टरमध्ये, म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत, आमचे चार सोपे ले-अप, म्हणजे रिंगजवळून टाकलेले चेंडू, रिंगवरून पलीकडे गेले. माझी मुलं आपापल्या हातांकडे बघायला लागली. दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यावर हात बसले, तोवर आम्ही अकरा गुणांनी मागे होतो.

दुसरी गोष्ट चोवीस सेकंदांच्या घड्याळाची. चेंडू ताब्यात आल्यापासून २४ सेकंदांत शॉट घेऊन तो रिंगला लागलाच पाहिजे, नाहीतर चेंडू समोरच्यांना, हा नियम मुलांना तोंडपाठ आहे. मैदानावर ते घड्याळ मात्र आमच्याकडे नाही. सरावात एक मुलगा बाजूला उभा राहून मोबाइलकडे बघत आकडे ओरडतो. सामन्यात पहिल्यांदा तो भोंगा वाजला तेव्हा आमची पाचही मुलं जागच्या जागी थांबली. त्यांना वाटलं क्वार्टर संपला. असं सामन्यात तीनदा झालं. तीन वेळा चेंडू गेला आणि तीन गुणांनी सामना गेला.

तिसरी गोष्ट फाऊलची. पाच वैयक्तिक फाऊल झाले की खेळाडू बाहेर. आमच्या सेंटरचे तिसऱ्या क्वार्टरमध्येच चार झाले. मी त्याला बसवला. शेवटची सहा मिनिटं राहिली तेव्हा परत आत पाठवला. चार फाऊल डोक्यावर असताना कसं खेळायचं, हात कुठे ठेवायचे, कुठला रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परत आलेला चेंडू, सोडून द्यायचा, हे सरावात शिकवता येत नाही. ते सामन्यात शिकायचं असतं, तेही दोन-तीन सामने गमावून. त्या सहा मिनिटांत तो इतका जपून खेळला की समोरच्यांनी त्याच्या डोक्यावरून तीन बास्केट केल्या.

तरीही आम्ही ११ गुणांची पिछाडी तीनवर आणली होती. शेवटच्या आठ सेकंदांत तीन गुणांनी मागे असताना आमच्या पॉइंट गार्डनं, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणाऱ्या मुलानं, डाव्या कोपऱ्यातून तीन गुणांचा शॉट घेतला. चेंडू रिंगवर दोनदा उडाला, कडेवर क्षणभर थांबला आणि बाहेर पडला. हा मुलगा संध्याकाळी औषधांच्या दुकानात काम करतो. त्या शनिवारची रजा त्यानं महिनाभर आधी मागून ठेवली होती, कारण कार्यक्रमपत्रिका मोबाइलवर आली ती गुरुवारी रात्री, तोवर तारखेचा नुसता अंदाज.

या तिन्ही गोष्टींवर एकच उपाय आहे, तो म्हणजे आणखी सामने. मी रात्री बसून मुलांना चोवीस सेकंदांवर चार धडे देईन, त्यानं काही होणार नाही. तोच भोंगा पुढच्या शनिवारी पुन्हा ऐकायला मिळाला असता तर मुलं थांबली नसती.

बाद पद्धतीचं गणित साधं आहे. १६ संघ असतील तर ८ संघ पहिल्याच दिवशी एक सामना खेळून घरी जातात. ज्यांना सामन्यांची सर्वात जास्त गरज आहे, त्यांनाच सर्वात कमी मिळतात. जिंकणारा संघ चार सामने खेळतो, त्यातली मुलं आंतरविभागीयला जातात, निवडलेले बारा विद्यापीठाच्या संघात, मग पश्चिम विभागात गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशच्या विद्यापीठांशी खेळ, आणि तिथे पुढे गेले तर अखिल भारतीय. २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा त्याच्याही वर. ही शिडी मला मान्य आहे. विद्यापीठाला पश्चिम विभागाच्या तारखेआधी संघ निवडायचा असतो, हाताशी दिवस थोडे असतात, म्हणून बाद पद्धत ठेवावी लागते, हेही मला समजतं. माझं गाऱ्हाणं त्या शिडीबद्दल नाही. पहिल्या पायरीवरून उतरलेल्या मुलांना वर्षभर दुसरं काहीच नसतं, त्याबद्दल आहे.

मग हे पत्र आपल्याला का, उच्च शिक्षण मंत्र्यांना का नाही? शाळेत मूल असतं तोवर ते आपल्या खात्याचं असतं. १४, १७ आणि १९ वर्षांखालील शालेय स्पर्धा आपले जिल्हा क्रीडा अधिकारी भरवतात, जिल्हा, विभाग, राज्य असा रस्ता असतो. (त्याही बाद पद्धतीच्याच असतात, पण आज तो विषय नको.) दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत मिळते, त्यामुळे पालकही मुलाला मैदानावर पाठवतात. बारावी झाली, मूल प्रथम वर्षाला आलं की ते विद्यापीठाच्या क्रीडा मंडळाकडे जातं आणि आपल्या यादीतून त्याचं नाव निघून जातं. वय १८. उंची नुकती पूर्ण झालेली, खांदे भरायला लागलेले. बास्केटबॉल खरा कळायला लागतो तो या वयात, आणि नेमकं तिथेच त्याचं खेळणं वर्षातून एका सकाळवर येतं. शासनाच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. माझ्या मुलांनी त्याचा शासन निर्णय मोबाइलवर जपून ठेवला आहे. पण त्यासाठी राज्याचं पदक मिळवायचं तर आधी खेळायला तर मिळायला हवं.

माझी मागणी एकच आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, सत्र परीक्षा आटोपल्यावर, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी पदवी महाविद्यालयांची साखळी स्पर्धा भरवावी. पाऊस नसतो, मैदानं कोरडी असतात. आसपासची सहा कॉलेजं एका गटात घ्या. प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. गटात ३० सामने होतात आणि प्रत्येक संघाला १० मिळतात. दहा शनिवारांत स्पर्धा संपते. आज आमची मुलं ४० मिनिटं खेळतात, ती ४०० मिनिटं खेळतील. अमेरिकेत कॉलेजचा संघ एका हंगामात तीसच्या आसपास सामने खेळतो. मी तेवढे मागत नाही, दहा मागतो.

खर्चाचं म्हणाल तर एका सामन्याला दोन पंच लागतात आणि टेबलावर चार माणसं : गुणलेखक, त्याचा सहायक, वेळ पाहणारा आणि चोवीस सेकंदांवर बसणारा. टेबलाचं काम विद्यार्थीच करू शकतात, दोन दिवसांच्या वर्गात शिकता येतं. आमच्या कॉलेजच्या तीन मुली आजही गुणपत्रक अचूक भरतात. प्रवास एसटीचा, चाळीस-पन्नास किलोमीटरचा, सकाळी जाऊन दुपारी परत, मुक्काम नाही. पंचांचं मानधन, चेंडू आणि प्रत्येक गटामागे चोवीस सेकंदांच्या घड्याळांची एक जोडी, एवढं आपल्या खात्यानं द्यावं. मैदान आणि पाणी आम्ही देऊ. जिथे कॉलेजचं मैदान नाही तिथे तालुका क्रीडा संकुलाचं मैदान शनिवारी सकाळी दोन तास मोकळं ठेवायचा आदेश काढावा.

मला काही जणांनी सुचवलं की तीन विरुद्ध तीनचे सामने घ्या, ते ऑलिंपिकमध्येही आहेत, एक रिंग आणि अर्धं मैदान पुरतं. ते जरूर घ्यावेत, आम्हीही दिवाळीच्या सुट्टीत घेतो. पण १० मिनिटांत संपणारा तो वेगळा खेळ आहे. त्यात पूर्ण २८ मीटर धावून परत बचावाला येणं नाही, चार फाऊलवर खेळणं नाही, राखीव खेळाडूंना बाकावर बसून खेळ वाचायला शिकणं नाही. आमच्या बारापैकी चौघांना त्या शनिवारी एक मिनिटही मैदानावर उतरता आलं नाही. तीन गुणांचा फरक असताना मी त्यांना उतरवू शकलो नाही. साखळीत एक सामना गेला तरी पुढचा असतो, तेव्हा प्रशिक्षकाचा हात सैल होतो, नवी मुलं आत जातात.

या राज्यात हा खेळ कशानं वाढला, ते मुंबईत नागपाड्याला जाऊन बघता येतं. दाटीवाटीची कष्टकऱ्यांची वस्ती, मोजकी मैदानं, आणि तिथून अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारताचा कर्णधार आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार विजेता निघाला. लहान मुलं मोठ्यांचं बघत आणि त्यांच्याशी भिडत शिकली. २०१४ मध्ये वुहानच्या आशिया चषकात भारतानं चीनला त्यांच्याच घरी ६५–५८ असं हरवलं, त्याच्या चित्रफिती माझी मुलं आजही एकमेकांना पाठवतात. त्यांना हा खेळ आवडतो, साहेब. गोणपाटानं मैदान पुसणाऱ्याला खेळ आवडतो की नाही, हे वेगळं विचारायला नको.

आमचा सेंटर आणि पॉइंट गार्ड दोघंही तृतीय वर्षाला आहेत. कॉलेजच्या संघाकडून त्यांचा तो शेवटचा सामना होता. तीन वर्षांत दोघं कॉलेजसाठी चारच सामने खेळले. प्रत्येकी चार, कारण दुसऱ्या वर्षी आम्ही एक फेरी पुढे गेलो होतो. हंगाम संपला तरी सेंटर अजून सकाळी मैदानावर येतो, प्रथम वर्षाच्या त्या मुलाला रिबाउंडसाठी पाय कसे रोवायचे ते दाखवतो. मी त्याला "आता कशाला येतोस" असं विचारलेलं नाही.

साखळी डिसेंबरात सुरू व्हायची तर गट आणि तारखा ऑगस्टच्या आत ठरायला हव्यात, म्हणजे दुकानात कामाला असलेली मुलं शनिवारची रजा आधीच सांगून ठेवतील. आपल्या कार्यालयाला एखाद्या जिल्ह्यात हे करून बघायचं असेल तर आमचा जिल्हा घ्यावा. आसपासच्या पाच कॉलेजांच्या सरांशी मी बोललो आहे, पाचही तयार आहेत. त्यांच्या सह्यांचं पत्र मी वेगळं पाठवत आहे. बोर्ड बदलायची परवानगी प्राचार्यांनी दिली आहे, आमच्या जुन्या खेळाडूंनी वर्गणी काढायला सुरुवात केली आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला विश्वासू,
एका ग्रामीण महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक