घर बघताना आधी नदी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बदलीवर वडोदऱ्यात येणारी मराठी कुटुंबं भाडं आणि स्टेशनपासूनचं अंतर बघून घर ठरवतात. आधी विश्वामित्री नदी बघावी. काळा घोडा पुलापाशी धोक्याची पातळी 26 फूट. ऑगस्ट 2024 मध्ये पाणी तिच्या बरंच वर गेलं. समा, फतेगंज, कारेलीबाग या बाजूला घर बघताना दलालाला काय विचारायचं? तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाला विचारा, पाणी कुठवर आलं होतं. जिन्याखालच्या भिंतीवर नव्या रंगातूनही ओलीची रेघ डोकावते. वीजमीटर आणि पाण्याची मोटर त्या रेघेच्या वर हवीत, नाहीतर पूर ओसरल्यावरही नळ कोरडे. पार्किंग तळघरात असेल, तर पावसाळ्यात गाडी कुठे लावणार हेही आधीच ठरवा. अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रुळांखालचा रस्ता, जोराच्या पावसात तुंबतं, तेव्हा शाळा शक्यतो रुळांच्या अलीकडेच बघावी.

शाळेवरून आठवलं: 2023 च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती सक्तीची आहे. लिपी बरीचशी देवनागरीसारखी, पण शिरोरेघ नाही आणि काही अक्षरं वेगळी. तेव्हा पाचवी-सहावीतल्या मुलाला सुट्टीतच गिरवायला बसवा. भाडेकरार अकरा महिन्यांचा करा, आणि विकत घेण्याचं एक पावसाळा बघूनच ठरवा.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा