नि आणि म यांची ओढ

नौपाडा, ठाणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

वाशीच्या समूहगानासाठी लिहिलेला तुझा चार आवाजांचा कागद वाजवून पाहिला. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गट, बरोबर निवडलेस, तरी शेवट सैल लागतो, कारण तू ते ठोकळ्यांसारखे उचलून ठेवतोस. ओढ असते ती आतल्या एकेका स्वराच्या चालीत.

पेटीची पांढरी एक पट्टी सा धर. पंचमाचा, म्हणजे पवर उभा, चार स्वरांचा कॉर्ड म्हणजे प नि रे म. त्यातले फक्त नि आणि वरचा म एकत्र दाब. मध्ये सहा अर्धस्वरांचं अंतर (अर्धस्वर म्हणजे काळ्या-पांढऱ्या धरून लगतच्या दोन पट्ट्यांमधलं), कानाला चैन पडत नाही. आता नि अर्धस्वर चढवून सा कर, म अर्धस्वर उतरवून ग कर. एवढ्यानेच घरी आल्यासारखं वाटतं. बासचा, म्हणजे सर्वांत खालच्या आवाजाचा, प सावर उतरला की ते पक्कं होतं.

तुझा शेवट असा बसव. बासला म, वर म ध सा. मग बासला प, वर म प नि. शेवटी बासला सा, वर ग प सा. पहिल्या बदलात वरचा म हलतच नाही. बास चढतो, तर ध आणि सा एकेक पायरी उतरतात. दुसऱ्या बदलात वरचा प जागेवर, शेजारचे दोघे अर्धस्वराने सरकतात. पंचमाच्या कॉर्डातला रे मुद्दाम गाळलाय. तो ठेवून वर नि रे म घेतलेस आणि प्रत्येकाला जवळच्या स्वरावर, रेला सावर, सोडलंस, तर शेवटी सा तीनदा, ग एकदा, आणि प गायब.

तू मात्र म ध सा हा अख्खा गठ्ठा प नि रेवर चढवलास, बासही सोबत. म-सा आणि प-रे अशी पंचमाच्या (सा-प एवढ्या) अंतराची दोन जोड्या लागोपाठ येतात, वर बासशी सप्तकाचं अंतरही तसंच समांतर सरकतं. चार आवाज गातात आणि ऐकू येतो एकच, जाडसा. म्हणूनच नि दोन आवाजांना देऊ नकोस. दोघेही सावर धावतात आणि तीच समांतर चाल होते.

दुसऱ्या गाण्याची मला जास्त काळजी वाटते. चाल यमनातली, तिथे शुद्ध म नाहीच. पंचमाच्या कॉर्डात तो घातलास की राग मोडतो. त्याऐवजी रे, तीव्र म, ध, सा असा कॉर्ड घेतलास तर तीव्र म पवर चढतो, सा नीवर उतरतो, आणि घरच पंचमावर सरकतं. पवर थांबणाऱ्या ओळीला हे फार सुंदर लागेल, ध्रुवपदाच्या शेवटी नाही. तिथे साधा प नि रे ठेव. नि सावर जातोच. ओढ जरा मवाळ, पण यमनला तीच शोभते.

तालमीत आधी मधले दोन आवाज वेगळे गाऊन घे, चुका तिथेच लपतात. कागद दुरुस्त करून रविवारी ठाण्याला ये, पेटीवर बसून बघू.

तुझा,
अविनाश