अर्धीच उघडणारी खिडकी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दादरच्या हिंदू कॉलनीतली आमची इमारत १९३८ सालची. गेल्या मे महिन्यात परांची बांधलेलीच होती, तर कमिटीने सगळ्यांच्या खिडक्याही बदलायला काढल्या. जुन्या खिडक्या सागवानी, दोन झडपांच्या. पावसाळ्यात फुगायच्या हे खरं. आषाढ लागला की खालची कडी बसायची नाही, मी बत्त्याने ठोकायचे. या ठोकाठोकीला कंटाळूनच सही केली.

आता ॲल्युमिनियमचं स्लायडिंग आहे. एक पल्ला दुसऱ्यामागे सरकतो, म्हणजे खिडकी चार फुटांची आणि वारा दोन फुटांचा. ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण सही करताना हे साधं गणित डोक्यात आलं नाही! त्याच ॲल्युमिनियममध्ये पूर्ण उघडणारे पल्लेही मिळतात, त्याला ते लोक ‘ओपनेबल’ म्हणतात. हे कळलं ते पैसे भरून झाल्यावर.

जुलैत पाऊस आडवा लागला आणि खालचा ट्रॅक भरून पाणी थेट दिवाणावर. कंत्राटदार म्हणाला, “आजी, मुंबईचा पाऊस आहे, थोडं येणारच.” मग नातवाने हात बाहेर घालून चाचपलं. ट्रॅकमधलं पाणी जायला बाहेरच्या अंगाला बारीक भोकं ठेवलेली असतात. कारागिराने सिलिकॉन मारताना तीच बुजवली होती. पेचकसाने खरवडल्यावर पाणी झरझर बाहेर गेलं. ज्यांच्याकडे नवं स्लायडिंग बसलंय त्यांनी पावसाआधी ही भोकं जरूर बघावीत.

आणि आमचा साग? बिलात ‘डेब्रिज’. पण हे डेब्रिज चादरीत गुंडाळून, जिन्यात कुठे घासू नये म्हणून दोघा-दोघांनी धरून खाली नेलं. सोसायटीला त्याचा एक पैसा मिळाला नाही. कमिट्यांनी सभेपुढे कोटेशन ठेवताना जुन्या लाकडाची किंमत वजा करून घ्यावी आणि पल्ला कुठला ते लिहून घ्यावं.

समोरच्या बिऱ्हाडाने सही केली नव्हती. ‘दर्शनी बाजू एकसारखी हवी’ म्हणून त्यांना दोन पत्रं गेली. त्यांनी एप्रिलमध्ये सुतार बोलावला, झडपांना रंधा मारून घेतला, बिजागऱ्या बदलल्या. अर्ध्या दिवसाचं काम. दुपारी तीननंतर वारा सुटला की मी चहाचा कप घेऊन त्यांच्याकडे जाऊन बसते.

— एक निवृत्त शिक्षिका, दादर (पूर्व)