अटलांटिकवरचा मार्ग आखताना

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

विमान उडवण्याच्या सिम्युलेटरसाठी तू आखलेला हीथ्रो ते न्यूयॉर्कचा मार्ग काळजीपूर्वक पाहिला. आयर्लंडच्या किनाऱ्यापर्यंत तो चोख आहे. तिथून मात्र तू थेट न्यूफाउंडलंडपर्यंत सर्वांत कमी अंतराची एकच रेघ ओढली आहेस, आणि माझा आक्षेप तेवढ्यापुरताच आहे. उत्तर अटलांटिकवर अंतरापेक्षा वेळ आणि इंधन यांना महत्त्व असते, आणि त्यांचा हिशोब त्या दिवसाच्या वाऱ्यांवर ठरतो. फेब्रुवारी २०२० मध्ये किआरा वादळाच्या सुमारास ब्रिटिश एअरवेजचे एक ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले, ते पाठीशी असलेल्या जेट प्रवाहामुळे, म्हणजे उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यामुळे. त्याच प्रवाहाला तोंड देण्यापेक्षा पश्चिमेकडे जाणारे विमान उत्तरेचा वळसा पत्करते. म्हणून कालचा जतन केलेला मार्ग आज जसाच्या तसा वापरू नये, असे माझे ठाम मत आहे.

या समुद्रावर वाटा रोज नव्याने आखल्या जातात. त्यांना ट्रॅक म्हणतात. दिवसाचे पश्चिमगामी ट्रॅक शॅनविक हे समुद्राच्या पूर्व भागाचे हवाई नियंत्रण केंद्र जाहीर करते आणि रात्रीचे पूर्वगामी ट्रॅक पश्चिम भागाचे केंद्र गँडर. पश्चिमगामी ट्रॅकना उत्तरेकडून ए, बी, सी अशी अक्षरे मिळतात, तर पूर्वगामींमध्ये सर्वांत दक्षिणेचा ट्रॅक झेड असतो. दिवसाचे ट्रॅक ३० अंश पश्चिम रेखांशावर ११३० ते १९०० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आणि रात्रीचे ०१०० ते ०८०० यूटीसी या वेळेत लागू असतात. म्हणजे हीथ्रोहून सकाळी साडेदहाला निघालास, तर ३० पश्चिम ओलांडताना तू योग्य वेळेत असशील. परतीसाठी न्यूयॉर्क संध्याकाळीच सोडावे लागेल. सुटण्याची वेळ आधी ठरवून मार्ग नंतर आखावा, असे मी म्हणतो ते याचसाठी.

ट्रॅक घ्यायचा नसेल, तर स्वतंत्र मार्ग आखायला पूर्ण मुभा आहे. फक्त दर १० अंश रेखांशावर पूर्ण अंशाच्या अक्षांशाचा बिंदू द्यावा लागतो, जसे ५३ उत्तर २० पश्चिम, मग ५४ उत्तर ३० पश्चिम. पन्नासाव्या अक्षांशावर अशा दोन बिंदूंमधले अंतर सुमारे ३८६ सागरी मैल भरते, म्हणजे जेट विमानाला साधारण पाऊण-एक तास. तुझ्या रेघेत हे बिंदू नाहीत, आणि नियंत्रकाला स्थाननिवेदन करण्याची सारी मजा त्यांच्यावरच तर अवलंबून आहे! २०२२ पासून फ्लाइट लेव्हल ३३० (सुमारे ३३,००० फूट) आणि त्याखाली ट्रॅक प्रसिद्ध होत नाहीत, त्यामुळे जड विमान सुरुवातीला खालून नेणार असशील, तर हा स्वतंत्र मार्गच सोयीचा पडेल.

तुझे विमान दोन इंजिनांचे आहे, तेव्हा शॅनन, केफ्लाविक, गँडर, गूज बे आणि दक्षिणेच्या वाटेवर लाजेस या विमानतळांचे हवामान पाहिल्याशिवाय निघू नकोस. एक इंजिन बंद पडल्यास ठरलेल्या मिनिटांत यांपैकी कुठे उतरता येईल, हे नकाशावर वर्तुळे काढून तपास. सिम्युलेटरमध्ये कोणी विचारत नाही, पण माझ्या दृष्टीने खरा छंद इथूनच सुरू होतो.

समुद्रावर नियंत्रकाने माख अंक (ध्वनीच्या वेगाच्या तुलनेत विमानाचा वेग) ठरवून दिला असेल, समजा ०.८४, तर तो कायम राख. मागच्या-पुढच्या विमानांतले अंतर त्यावरच टिकते. मार्गाच्या मध्यरेषेच्या उजवीकडे दोन सागरी मैलांपर्यंत सरकण्याची मुभा आहे, तिचा उपयोग कर. महासागरी हद्दीत शिरून काही वेळ झाला की ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर, २००० हा संकेतांक लाव.

येत्या शनिवारी सकाळी त्या दिवसाचा ट्रॅकसंदेश आणि वाऱ्यांचा नकाशा दोन्ही समोर ठेवून मार्ग पुन्हा आख आणि मला पाठव. कोणता ट्रॅक निवडलास आणि का, हे दोन ओळींत जरूर लिही. मी दुपारी तोच मार्ग तुझ्या मागोमाग उडवीन.

तुझा,
माधव