टोपी, रक्त आणि पडद्यावरचा आकडा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘थंड टोपी घालून नवजात बाळाचा मेंदू गार करतात’ असे रविवारच्या आरोग्य पानावर वाचले. खोटे नाही, पण अर्धेच आहे. पस्तीस वर्षे शिरोलीच्या फौंड्रीत ओतकाम केले आणि गेल्या पावसाळ्यात नातवापायी तीन दिवस एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) दाराशी बसलो, म्हणून लिहितो.

जन्मताना तो गुदमरला होता. मेंदूची इजा वाढू नये म्हणून सहा तासांच्या आत गार गादीवर घेतले, 33.5 अंश, 72 तास. आमची आक्का कुंची घेऊनच आली होती. काचेतून उघडे बाळ बघितले आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, “डोस्क्याला इजा झालीया, तर डोस्कंच गार करा की. समदं लेकरू कशाला गारठवताय?”

प्रश्न लाखमोलाचा. बाई म्हणाल्या, गार पाणी फिरणारी टोपी असते, पण ती घातली तरी अंग 34-35 अंशांवर उतरवावेच लागते.

जाड कास्टिंगची, म्हणजे साच्यात ओतलेल्या लोखंडाची, कातडी आधी निवते, गाभा मागाहून. हल्ली ओतण्याआधी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन, म्हणजे निवण्याचा आगाऊ हिशेब, करतात ते त्याचेच. डोक्याचेही असेच गणित मांडतात, फक्त दोन गोष्टी वाढतात : मेंदू स्वतः उष्णता तयार करतो, आणि त्यातून रक्त वाहते. पेन्स या संशोधकाने 1948 मध्ये माणसाच्या हातावर मोजमापे घेऊन रक्ताने आणलेली उष्णता समीकरणात घातली. आजची पुष्कळ मॉडेल्स त्यावरच उभी आहेत. रक्त 37 अंशांचे असेल तर टोपीने कवटीलगतचा थर निवतो, आत मात्र गरम पाट चालूच.

पडद्यावरचा तापमानाचा आकडाही मेंदूचा नव्हता, गुदद्वारातल्या प्रोबचा (तापमान मोजणाऱ्या तारेचा) होता. हे दुसऱ्या रात्री कळले, तेही मी खोदून विचारले म्हणून. कास्टिंगला भोक पाडून थर्मोकपल (धातूचे तापमान मोजायची तार) घालता येतो, बाळाच्या डोक्यात कोण घालणार? खोलातला अंदाज हिशेबानेच बांधायचा.

परत ऊब देताना तर तासाला अर्ध्या अंशाच्या वर जायचे नाही. घाई केली तर रक्तदाब घसरतो, झटके येऊ शकतात. आक्का सकाळपासून कुंची हातात घेऊन उभी, दुपार कलली तरी 36 वर आकडा जाईना. मला शेकोटीवर सावकाश तापवायचा तवा आठवत होता, तिला काय ते देवच जाणे.

आपल्या लेखात हेलिक्स चाचणीचा उल्लेखच नाही. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या 408 बाळांवरची ही चाचणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सर्वांग गार केलेल्या बाळांमध्ये, गार न केलेल्यांपेक्षा, मृत्यू जास्त झाले. आमचा नातू आता पालथा पडतो, पण एका नातवावरून उपचार ठरत नाही. ‘टोपीने मेंदू गार’ एवढेच वाचून चंदगड-गडहिंग्लजकडे कुणी बाळाच्या टाळूवर बर्फाची पिशवी ठेवली तर? पुढच्या रविवारी त्याच पानावर चौकट टाकून, घरी असे काही करू नका, एवढे तरी छापावे.

आपला,
एक निवृत्त फौंड्री कामगार
उद्यमनगर, कोल्हापूर